वाचकांचे प्रश्न : अपडेट पुढे ढकलावे का?

प्रश्न : कार्यालयातील संगणक वारंवार अपडेटची सूचना देतो. काम अडते म्हणून मी दर वेळी ‘नंतर’ हा पर्याय निवडतो. यात खरोखर धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो दिवसागणिक वाढतो. सुरक्षा अपडेट प्रसिद्ध झाले की जुन्या आणि नव्या फाइली ताडून पाहून मूळ दोष नेमका कोठे होता हे हल्लेखोरही शोधून काढतात, त्यामुळे अपडेट न केलेला संगणक त्यांना आयताच सापडतो. विंडोजमधील फाइल शेअरिंगच्या एका गंभीर दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली होती; तरीही १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम त्याच दोषातून, कोणी कशावरही क्लिक न करता, एका संगणकातून दुसऱ्यात शिरत जगभर पसरला. त्या दोन महिन्यांत ज्यांनी ‘नंतर’ म्हटले, त्यांच्यापैकी अनेकांच्या फाइली कुलूपबंद झाल्या.

अपडेट डाउनलोड झाले म्हणजे काम संपले, असे समजू नका. लॅपटॉपचे झाकण मिटल्याने तो बहुधा केवळ झोपतो. ‘रीस्टार्ट’ केल्याखेरीज अनेक दुरुस्त्या लागूच होत नाहीत. म्हणून काम आटोपल्यावर रीस्टार्ट कराच. मात्र एखादे संकेतस्थळ उघडताच ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे’ अशी चौकट आली, तर तिच्यावर क्लिक न करता ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन खातरजमा करावी.

बॅकअपची डिस्क, काम झाल्यावर, संगणकापासून काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होऊ शकते.