5 एचपीची मोटर असूनही ठिबकला प्रेशर येत नाही, 7.5 एचपी बसवू का?

नका बसवू. तुम्ही लिहिलंय की विहिरीत पाणी 50 फुटांवर आहे, मोसंबीचं रान विहिरीपासून 33 फूट चढावर आहे, मधे 1500 फूट दोन इंची (63 मिमी) पाइप आहे आणि मोटरच्या पाटीवर 'हेड 18 ते 36 मीटर' लिहिलंय. यात एचपी कमी नाही, हेड कमी पडतंय. मी बदनापूर-अंबड पट्ट्यात अठरा वर्षं मोटारी बसवतोय. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी याच कारणासाठी मोठी मोटर घेतो आणि रान तसंच कोरडं राहतं. ते बघवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हेड म्हणजे पाण्याच्या उभ्या खांबाची उंची. 10 मीटर उभं पाणी तळाशी साधारण 1 किलोचं (दर चौरस सेंटीमीटरला 1 किलो) प्रेशर देतं, मग पाइप दोन इंची असो की आठ इंची. जायकवाडी पूर्ण भरलं तरी छत्रपती संभाजीनगर त्या पाण्याच्या साधारण 100 मीटर वर आहे. म्हणजे पाणी नुसतं उचलायलाच 10 किलो लागतात, पाइपात घासण्यात जातं (आम्ही म्हणतो पाइप खातो) ते वेगळंच.

1 एचपी म्हणजे सेकंदाला 75 लिटर पाणी 1 मीटर उचलायची ताकद. पंपात निम्मी वाया जाते असं धरा. मग 5 एचपीत 30 मीटरवर सेकंदाला 6 लिटर मिळतात, 60 मीटरवर 3. तेही पंप त्या उंचीसाठी बनवलेला असेल तरच. तुमचा पंप भरपूर पाणी थोड्या उंचीवर टाकण्यासाठी बनलाय. पाटीवरच्या आकड्याच्या वर गेलात की पाणी झपाट्याने कमी होतं, आणि एका उंचीला मोटर फिरत राहते पण पाणी चढतच नाही. दिवाळीत जोरात चालणारी मोटर एप्रिलमध्ये दम टाकते ती यामुळेच: विहिरीतलं पाणी खाली गेलं, हेड वाढलं.

आता तुमचा हिशोब. सेकंदाला 4 लिटर पाहिजे असं धरू. विहिरीतून 15 मीटर, चढ 10, ठिबकच्या नळ्यांना 1 किलो म्हणजे 10, फिल्टर आणि सबमेनला (ठिबकच्या नळ्यांना पाणी वाटणारा पाइप) 5. झाले 40. आता पाइप. 63 मिमीचा 1500 फूट पाइप एकटा जवळपास 18 मीटर खातो, एकूण 58. तोच पाइप 75 मिमीचा असता तर साडेसात मीटरच खाल्ले असते, एकूण 48 च्या आत. एवढं काम 5 एचपी करते, पंप मात्र त्या हेडचा हवा.

आपल्याकडे पक्का समज आहे की पाइप बारीक केला की प्रेशर वाढतं, कारण नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब उडतं. अंगठा जेमतेम दोन बोटं लांबीची जागा अडवतो. पाणी कमी वाहतं, मागच्या नळीत प्रेशर कमी खाल्लं जातं आणि उरलेलं सगळं तोंडाशी येतं. 1500 फूट बारीक पाइपात मात्र पाणी पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत घासत जातं. पाणी दुप्पट सोडलं तर ही घासण जवळजवळ चौपट होते. म्हणून याच पाइपावर याच हेडची 7.5 एचपी लावली तर वाढीव ताकद बरीचशी पाइपच खाणार, वर लाइटबिल येणार, आणि उन्हाळ्यात विहीर लवकर उपसणार.

नवीन पाइप घेताना 6 किलो प्रेशर सोसणारा घ्या. जास्त हेडच्या पंपावर चुकून सगळे व्हॉल्व बंद राहिले तर विहिरीजवळ 4 किलोचा पाइप फुटतो. आणि सेकंदाला 4 लिटर म्हणजे तासाला 14,400 लिटर. तासाला 4 लिटरचे ड्रिपर असतील तर एका वेळी 3,600 पेक्षा जास्त चालू ठेवू नका. सगळी बाग एकदम सोडली तर कुठलीही मोटर हात टेकेल.

खर्च करायच्या आधी मोटरच्या डिलिव्हरीवर (पाणी बाहेर पडतं त्या पाइपावर) साधा प्रेशर गेज बसवा. ठिबक चालू असताना काटा कुठे आहे ते बघा, मग व्हॉल्व काही सेकंद पूर्ण बंद करून पुन्हा बघा. नंतर रानात पाइपाच्या टोकाला 200 लिटरचा ड्रम लावा आणि किती सेकंदात भरतो ते मोजा. तिन्ही आकडे इथे टाका, कुठल्या हेडचा पंप घ्यायचा ते सांगतो.