"मॅडम, तीन दिवसांची ट्रिप ठरवता येईना, संसार कसा करणार?"

मागे माझ्याकडे समुपदेशनासाठी एक जोडपं आलं होतं, लग्नाला दीड वर्ष झालेलं (ओळख लागू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय), आणि बसल्या बसल्या तिने वरचंच वाक्य टाकलं. ही तक्रार माझ्याकडे सारखी येते, फक्त गाव बदलतं. यांचं कोची होतं.

त्याने मोबाईल पुढे केला, त्यात एक्सेल शीट, शुक्रवार ते रविवार, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. वास्को द गामाला 1524 मध्ये जिथे पुरलं होतं ते सेंट फ्रान्सिस चर्च, 20 मिनिटं. ती म्हणाली, "ही ट्रिप आहे की इन्स्पेक्शन?" तो म्हणाला, "तुला विचारलं होतं ना, तूच काहीही चालेल म्हणालीस."

हे "काहीही चालेल" फार बेरकी आहे हं. ऐकायला समजूतदार वाटतं पण त्यात ठरवायचं ओझं समोरच्याच्या गळ्यात आणि नावं ठेवायचा हक्क मात्र आपल्याकडे. (मीही घरी हेच करते, नवऱ्याला विचारा.) आणि त्याचं काय होतं तर हनिमूनला पावसात एक अख्खा दिवस वाया गेला होता, ते ती अजून ऐकवते, तेव्हापासून हा एक तासही मोकळा सोडायला घाबरतो.

मी दोघांना कागद दिला, म्हटलं एकमेकांना न दाखवता एकच गोष्ट लिहा, जी नाही झाली तर परत येताना चुटपुट लागेल. त्याने लिहिलं, 1568 चं परदेसी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), त्यातल्या चीनहून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा. तिने लिहिलं, मासे पकडायच्या चिनी जाळ्यांपाशी संध्याकाळी नुसतं बसायचं. त्याने वाचलं आणि लगेच, "हे आहे की शीटमध्ये, 5.30 ते 5.50!" ती हसली, आणि हसता हसता डोळ्यात पाणी आलं तिच्या.

मग शीट मी नीट बघितली. मी कोचीला जाऊन आलेय म्हणून लक्षात आलं, मट्टनचेरी पॅलेस शुक्रवारी टाकलेला, तो शुक्रवारी बंद असतो, आणि सिनेगॉग शनिवारी, म्हणजे नेमका शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, तेही बंद! त्याचा चेहरा उतरला, मला वाटलं आता ही टोमणा मारणार, पण तीच म्हणाली, अरे दोन्ही शेजारी शेजारीच आहेत ना, रविवारी सकाळी करू की. शनिवार तिने स्वतःकडे घेतला, मट्टनचेरीत कोकणी आणि गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्या गल्ल्यांमधून फिरायचं, कुठे वळायचं ते तिने ठरवायचं आणि चुकलो तर चुकलो. शुक्रवारची संध्याकाळ कोरी.

परत आल्यावर भेटले. भांडण झालं का विचारलं तर झालं म्हणे, एकदा, जेवायला गेल्यावर. ती सवयीने "काहीही चालेल" म्हणाली, त्याने मेन्यूकार्ड तिच्यासमोर ठेवलं आणि गप्प बसून राहिला, वेटर दोनदा येऊन गेला. शेवटी तिने करीमीन मासा मागवला. काटेच काटे, तिला अजिबात आवडला नाही. पण मागवला तिनेच होता, त्यामुळे निमूटपणे संपवला.