बोटांनी काढलेली अवतरणचिन्हं

प्रश्न असा होता: बोलताना एखाद्या शब्दावर दोन्ही हातांची दोन-दोन बोटं उंचावून वाकवतात, त्याला मराठीत काय म्हणावं? आणि इतर विरामचिन्हांचे असे हातवारे का दिसत नाहीत?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह सुरातून कळतात, स्वल्पविरामाला क्षणभर थांबणं पुरतं. पूर्णविरामासाठी कुणी हवेत बोट टेकवतं, पण ते न टेकवताही वाक्य संपतंच. अवतरणचिन्ह मात्र कानाला ऐकू येत नाही. ‘तो अभ्यास करतोय’ यातला ‘अभ्यास’ माझा शब्द नाही, त्याचा आहे, हे सांगायचं कसं? म्हणून बोटं वर जातात. लिहिताना चिन्हं शब्दाच्या आधी आणि नंतर येतात; बोटं मात्र शब्द उच्चारतानाच हलतात. त्या अर्थाने हे अवतरणापेक्षा अधोरेखनाच्या जवळचं आहे.

या खुणेचं वर्णन १९२७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेलं सापडतं. तिचं आजचं इंग्रजी नाव ‘एअर क्वोट्स’ मात्र १९८९ मध्ये ‘स्पाय’ मासिकातल्या एका लेखात छापून आलं. गंमत म्हणजे फ्रेंच लोकांची छापील अवतरणचिन्हं कोनदार असतात, तरी ‘अवतरणात’ अशा अर्थाचे शब्द बोलताना तेही हीच वाकडी बोटं दाखवतात.

आपल्याकडेही ही चिन्हं इंग्रजीवरूनच आली. ती मराठीत रुजवणारे इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चं. त्याआधी दंडावर, म्हणजे वाक्याशेवटच्या उभ्या रेघेवर भागत असे. पण चिन्ह नव्हतं म्हणून सोय नव्हती असं नाही. आपल्याकडे ‘म्हणे’ आहे! ‘अभ्यास करतोय म्हणे’ एवढं म्हटलं की हात खिशात ठेवूनही काम होतं, आणि फोनवरही होतं. फरक इतकाच की ‘म्हणे’ सगळं विधानच झटकून टाकतं, बोटं एकाच शब्दाला चिमटा काढतात. शिवाय ‘म्हणे’मध्ये नुसती ऐकीव बातमी आहे की टोमणा, ते सुरावर ठरतं. ‘तथाकथित’ नेमका एका शब्दाला लागतो खरा, पण गप्पांमध्ये तो अग्रलेखातून चुकून आल्यासारखा वाटतो.

आता नाव. ‘हवाई अवतरण’ हे शब्दशः भाषांतर कृपया नको; विमान धावपट्टीवर उतरतंय असं वाटतं. (‘अवतरण’चा मूळ अर्थ उतरणं हाच, तेव्हा तक्रारही करता येणार नाही.) ‘बोटावतरण’ संधी म्हणून चालेल, पण उच्चारताना जीभ अडखळते. मी ‘बोटांची अवतरणं’ म्हणतो: ‘त्याने बोटांची अवतरणं करून मला तज्ज्ञ म्हटलं.’ क्रियापदही आपोआप मिळतं आणि ऐकणाऱ्याला चित्र लगेच दिसतं.