लेक खोपीत जन्मली. ‘लेक लाडकी’चे पैसे गावाकडे मिळतील का?

प्रश्न : आम्ही केज तालुक्यातील ऊसतोड कामगार आहोत. गेल्या जानेवारीत कोल्हापूर जिल्ह्यात तोडीवर असताना आमची पहिली मुलगी खोपीतच जन्मली. दवाखाना गाठता आला नाही. उन्हाळ्यात गावी परतल्यावर अंगणवाडीताईंनी मुलींसाठीच्या राज्य सरकारच्या ‘लेक लाडकी’ योजनेच्या अर्जासाठी जन्मदाखला मागितला, पण ग्रामसेवक म्हणतात, ही नोंद इथे होत नाही. आमचे रेशनकार्ड केशरी आहे. काय करावे?
(एक वाचक, जि. बीड)

उत्तर : ग्रामसेवकांचे म्हणणे खरे आहे. जन्माची नोंद आईवडिलांच्या गावी नव्हे, तर बाळ जिथे जन्मले तिथल्या निबंधकाकडे होते, आणि ग्रामीण भागात ती जबाबदारी त्या गावच्या ग्रामपंचायतीकडे असते. प्रसूती सरकारी दवाखान्यात झाली असती तर दवाखान्यानेच जन्म कळवला असता. खोपीत झाल्यामुळे ते काम कुटुंबावर येते, आणि फड संपवून टोळी पुढच्या गावाला निघाली की नेमके तेच मागे राहते. नोंदीची मुदत 21 दिवसांची असते. तीस दिवस उलटून गेले पण वर्ष झाले नाही, अशा वेळी विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि विलंब शुल्क लागते. वर्ष लोटल्यावर मात्र दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. आपण अजून वर्षाच्या आत आहात, तेव्हा दिवाळीनंतरच्या हंगामाची वाट न पाहता एक खेप आताच करावी. तिकडच्या आशाताईंनी किंवा आरोग्य केंद्राने बाळाला लस टोचली असेल तर तो लसीकरणाचा कागद सोबत न्यावा. बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंद थांबवू नये. नाव नंतर घालता येते.

दाखला हाती आल्यावर बाकीचे काम गावातच होते. अर्ज आपल्या राहत्या ठिकाणच्या अंगणवाडीत द्यावा. 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला, कुटुंबाकडे पिवळे किंवा केशरी कार्ड असल्यास आणि वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास, जन्मानंतर 5,000, पहिलीत गेल्यावर 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर 75,000 रुपये मिळतात. सारे मिळून 1,01,000. कार्ड केशरी आहे म्हणून उत्पन्नाची अट सुटत नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वेगळा काढावा लागतो. बाळाचे आधार पहिल्या हप्त्याला नसले तरी चालते, मात्र बँक खाते महाराष्ट्रातीलच असले पाहिजे. शेवटच्या हप्त्याच्या वेळी मुलगी अविवाहित असावी लागते, आणि ज्या भागात मुलींची लग्ने लवकर उरकली जातात तिथे ही अट आईवडिलांनी आजच ध्यानात ठेवलेली बरी.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगून ठेवतो. पहिलीपासूनचे हप्ते शाळेच्या दाखल्यावर मिळतात, आणि तोडीवर सोबत नेलेल्या मुलांची शाळा मध्येच सुटते. मुलगी त्या वयाची होईल तेव्हा आपण फडावर असाल, तर तिला गावातल्या हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांकडे ठेवावे.

प्रश्न : मला पहिली मुलगी 2021 ची आणि दुसरी 2024 ची. दोघींना ‘लेक लाडकी’चा लाभ मिळेल का?
(एक माता, जि. परभणी)

उत्तर : थोरलीला नाही, धाकटीला मिळेल. एप्रिल 2023 पूर्वीचे एक अपत्य असल्यास नंतर जन्मलेल्या दुसऱ्या मुलीला, जुळ्या झाल्यास दोघींना, ही योजना लागू होते; पण आपण किंवा आपल्या पतींनी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया केलेली असणे आवश्यक आहे. कोणी करावी हे नियमाने ठरवलेले नाही. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी असूनही अंगणवाडीत जमा होणारी प्रमाणपत्रे बहुधा बायकांचीच असतात.

प्रश्न : मी विधवा आहे, दोन मुले शाळेत आहेत. आमच्यासाठी काही आहे का?
(एक वाचक, जि. लातूर)

उत्तर : क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत दरमहा प्रत्येकी 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावा. मंजुरी बालकल्याण समिती देते. पतीच्या मृत्यूचा दाखला आणि दोन्ही मुलांचे शाळेचे बोनाफाईड सोबत न्यावे.