उद्यमबागेत रुजू होण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून अप्रेंटिसशिपचं पत्र आल्याचं तुझ्या बाबांकडून कळलं. कानाचं, म्हणजे तुला ऐकू येत नाही हे, आधी सांगावं की रुजू झाल्यावर, असं विचारलंयस. आधीच सांग, आणि तोंडी नको, कागदावर सांग.

आयटीआयच्या वर्गात फळ्यावरचं वहीत उतरवलं की तुझं भागायचं. आता सरकारचा सगळा भर कारखान्यात काम करत शिकण्यावर आहे. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या 2.5 ते 15 टक्के. स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्राकडून थेट खात्यात येतो. तेव्हा खातं आधारला जोडलंय ना, ते बघून घे. हे सगळं चांगलंच आहे. पण शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात त्या जागी, फळा नसतो. मिस्त्री मशीनकडे तोंड करून बोलतो, निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये, आणि वर तोंडाला मास्क. ओठ वाचणाऱ्यानं करायचं काय? ही सुधारणा आखणाऱ्यांनी उद्यमबागेतलं एखादं शॉप आतून पाहिलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

म्हणून अर्जात साधं लिही: माझ्याकडे बघून बोला, सेटिंग एकदा करून दाखवा, ऑपरेशनचा क्रम लिहून द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रेनचा नि फोर्कलिफ्टचा भोंगा मला ऐकू येत नाही, तिथे दिवा लावता येईल का? यात भीड धरू नकोस. कायद्यानं अप्रेंटिस हा कामगार नसून शिकाऊ असला, तरी कारखान्यातले सुरक्षेचे नियम त्यालाही लागू असतात. सोबत यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स जोड, मूळ कार्ड कुणाच्या हातात ठेवू नकोस.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली 20 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेनंसुद्धा समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. कोणत्या सोयी देणार, प्रशिक्षण कसं देणार, संपर्क अधिकारी कोण, हे त्यात हवं. मागून बघ. पुष्कळ ठिकाणी ते फाइलमध्ये पडून असतं. काही ठिकाणी तर कुणी मागितल्यावरच टाइप होतं!

‘तुला झेपेल असं हलकं काम’ म्हणून पॅकिंगला बसवायला बघतील. त्यात माया असते, नाही म्हणत नाही. पण वर्षभर खोके चिकटवून कुणी लेथ चालवणारा टर्नर होत नाही. दर आठवड्याला काय शिकलास ते वहीत लिही, खाली सुपरवायझरची सही घे.

जुने टर्नर टूल बोथट झालेलं आवाजावरून ओळखतात. तुला ते कसं जमणार, असं कुणीतरी म्हणेलच. तू चिपकडे, म्हणजे कापताना निघणाऱ्या धातूच्या किसाकडे, बघ. एचएसएसचं (हायस्पीड स्टीलचं) टूल असेल आणि स्टीलची चिप निळी पडायला लागली, तर टूल तापतंय. जॉबवर, म्हणजे कापत असलेल्या तुकड्यावर, बारीक लाटा उमटल्या, टूल सरकवणाऱ्या कॅरेजच्या चाकावरच्या हाताला थरथर लागली, तर मशीन थांबव आणि टूलची पकड तपास. कानावर विसंबणाऱ्यांचं याकडे बरेचदा लक्षच नसतं.

अर्ज इंग्रजीत लिहिलास तरी चालेल. पण एक प्रत कन्नडमध्येही असू दे, ऑफिसात वाचणारे बहुतेक कन्नडच वाचतात. माझं कन्नड बोलण्यापुरतं, सूनबाईंचं लिहिण्याइतकं पक्कं. रविवारी सकाळी कच्चा मजकूर घेऊन ये, नाश्ता इकडेच कर.

तुझा,
काका