गुरुवारी फोन करू नकोस

भोसरी, ३० जानेवारी २०२५

पोरी,

इमटेक्सचं मशिन-प्रदर्शन काल संपलं, तू पहाटे बंगळुरूहून उतरलीस आणि दुपारी मला विचारतेस, 'काका, बेचाळीस कार्डं जमलीत, सगळ्यांना कॅटलॉग मेल करू?' अगं, बेचाळीस जणांना एकच मजकूर म्हणजे लग्नपत्रिका. बघतात आणि ठेवून देतात. मी एकदा हेच केलं होतं, तेही एका साहेबांच्या मेलमध्ये दुसऱ्याच साहेबांचं नाव राहिलं. तिथे पुन्हा जायची माझी छाती झाली नाही.

तू सांगितलेल्यांत मला एकच माणूस दिसतोय. आपल्याच भोसरीतले ते मशिनशॉप बघणारे साहेब. ॲल्युमिनियमचं पातळ भिंतीचं हाउसिंग म्हणजे कवच, मशिनवर त्याचा बोअर, आतलं भोक, गोल येतो आणि पकडून ठेवणारा क्लॅम्प सोडला की ओव्हल होतो, अशी स्टॉलवर उभ्या उभ्या त्यांनी रड गायली ना? कार्ड सगळेच देतात. यांनी अडचण दिली, तीही पार्ट मशिनवर धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरची, म्हणजे आपल्याच धंद्यातली. तिथूनच धर:

'नमस्कार सर, इमटेक्समध्ये आपण हाउसिंगचा बोअर ओव्हल होतो म्हणालात. क्लॅम्पच्या बरोबर खाली रेस्टिंग आहे का?'

खाली नाव आणि कंपनी. बस. पार्टला तिथे खालून आधार आहे का, याचं उत्तर हो किंवा नाही, आणि बहुतेक ते लाइनवर जाऊन बघून येतील. 'आपल्याला भेटून आनंद झाला' वगैरे गाळ; सात दिवस त्यांनी तेच ऐकलंय.

ड्रॉइंग एवढ्यात मागू नकोस. ते बऱ्याचदा त्यांच्या गिऱ्हाईकाचं असतं, त्यांना देता येत नाही, आणि नाही म्हणायची वेळ आणलीस की माणूस आक्रसतो. आणखी एक, आपण दुसऱ्या कुणाला केलेल्या फिक्श्चरचा फोटो नमुना म्हणून पाठवायचा मोह होईल. पाठवलास तर त्यांना एवढंच कळेल, की उद्या आपलाही फोटो असाच फिरणार.

आता वेळ. आज गुरुवार, एमआयडीसी बंद. उद्या ३१ तारीख. महिनाअखेरीला डिस्पॅच सोडून कुणाला काही सुचत नाही. शनिवारी सकाळी लिही, अकराच्या आत. अकराला बजेट सुरू होतं, मग सगळे टीव्हीसमोर.

उत्तर नाही आलं तर मंगळवारी दुपारच्या चहाच्या सुमारास एक फोन. उचलला नाही तर लगेच दुसरा लावू नकोस. नंतर एप्रिलमध्ये बघू. नव्या वर्षाचे पैसे मंजूर झालेले असतात, तेव्हा माणसं फिक्श्चरबद्दल मोकळं बोलतात.

बाकीची एकेचाळीस कार्डं घेऊन रविवारी घरी ये. कुणाच्या मागे काय लिहून ठेवलंयस ते बघू. काहीच लिहिलं नसशील तर चहा काकू देईल, मी बोलणार नाही.

काका