वाटणीनंतर धान्याचा धंदा एकत्र ठेवता येईल का?

प्रश्न : मंगळवेढ्याकडे आमची तिसरी पिढी कोरडवाहू ज्वारी पिकवते. आता आम्हा तिघा भावांचे सातबारे वेगळे होत आहेत. स्वच्छ केलेली ज्वारी पाकिटांतून विकण्याचा आमचा धंदा टिकावा म्हणून काय करावे?

उत्तर : सातबारे खुशाल वेगळे होऊ द्यावेत; चाळणी, गोदाम आणि विक्री मात्र नोंदणीकृत भागीदारी संस्थेकडे सोपवावी आणि तिच्या करारात नफ्याचे वाटे, बाहेर पडणाऱ्याचा हिशेब व पुढच्या पिढीचा प्रवेश आजच लिहून ठेवावा, कारण भावाभावांत तोंडी ठरलेले चुलतभाऊ पाळतीलच असे नाही. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही समान हक्क आहे. आपल्या पत्रात बहिणींचा उल्लेख नाही, त्या असतील तर वाटणीत त्यांचा हक्क डावलून चालणार नाही.

स्वतःच्या शेतातील ज्वारी साफ करून विकल्यास ते उत्पन्न सर्वसाधारणपणे शेतीचे म्हणून करमुक्त असते. परंतु संस्थेने ती विकत घेऊन पुढे विकली की नफा व्यापारी ठरतो, म्हणून हिशेबाच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन पाकिटावर छापण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. शेजारचे शेतकरी सामील होऊन किमान दहा उत्पादक जमल्यास शेतकरी उत्पादक कंपनीचाही विचार करता येईल.